गाडीमालकाचा वाली कोण?

(इचलकरंजी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देशी मोटार कंपनी अडचणीत आली की आपल्याकडे चार प्रश्नांची चर्चा होते. बँकांचे कर्ज किती बुडणार, शेअरचा भाव कुठे जाणार, कामगारांची देणी मिळणार की नाही आणि कारखान्याची जमीन कोण घेणार. चारही प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांत कामगाराचा सर्वांत आधीचा आहे. पण या चर्चेत एक माणूस कुठेच नसतो. त्याने पाच-सात वर्षांच्या हप्त्यांवर त्या कंपनीची गाडी घेतलेली असते. गाडी दारात उभी असते, आरसी बुकावर बँकेचा बोजा असतो आणि सकाळच्या वर्तमानपत्रात त्याने कंपनीची बातमी वाचलेली असते. त्या दिवसापासून त्याला जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे त्याने कुणाकडे मागायची, हे कुठेच ठरलेले नाही. आज मी त्या माणसाच्या बाजूने बोलणार आहे.

त्याचे प्रश्न साधे असतात. वॉरंटी चालू राहील का? सर्व्हिस सेंटरवाला शटर ओढून निघून जाईल का? क्लच प्लेट, हेडलाइट, पुढची काच मिळत राहील का? अपघात झाला तर विमा कंपनी दुरुस्तीचे पैसे देईलही, पण भागच आला नाही तर गाडी किती महिने गॅरेजमध्ये पडून राहील? विकायला काढली तर घेणारा किती पाडून मागेल? आणि गाडी उभी राहिली तरी हप्ता चुकणार नाही, त्याचे काय? मध्यमवर्गीय कुटुंबात घराखालोखालची मोठी खरेदी बहुधा गाडीचीच असते. घर जुने झाले तरी जागेला भाव राहतो. गाडीचे भाग मिळेनासे झाले की तिची किंमत भंगाराच्या वजनावर येते.

हा विषय इचलकरंजीत मांडायला एक खास कारण आहे. यंत्र बनवणारा निघून गेल्यावर यंत्र कसे जगवायचे, हे या गावाला पक्के ठाऊक आहे. त्याकडे मी पुढे येतो. आधी आपल्याच राज्यातल्या एका मोटार कंपनीची हकिगत सांगतो, कारण माझे सारे म्हणणे त्या हकिगतीतून निघालेले आहे.

कुर्ल्याचा कारखाना

वालचंद हिराचंद सोलापूरचे. जन्म १८८२ चा. परक्या सत्तेने भारतीयांना ज्या धंद्यांत पाऊल टाकू द्यायचे नाही असे ठरवले होते, नेमके तेच धंदे त्यांनी निवडले. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचे जहाज समुद्रात सोडले, १९४० मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखाना काढला, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी सुरू केली. मोटार कारखान्यासाठी त्यांनी अमेरिकेत जाऊन वाटाघाटी केल्या आणि क्रायस्लर कंपनीशी करार जुळवला. सर विश्वेश्वरय्यांसारखा अभियंता याच कल्पनेचा पाठपुरावा करत होता. सरकारने महायुद्धाच्या काळात या योजनेला साथ दिली नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय याच वालचंदांच्या नावाचे आहे. या सभागृहात तिथे शिकलेली मंडळी नक्की असतील.

स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवले की इथे नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव नाही. ज्यांना गाडीचे भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावे. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली. प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी हातमिळवणी केली होती आणि त्याच वर्षापासून फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. १९६४ मध्ये तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले. सत्तरच्या दशकात फियाटचा परवाना संपल्यावर तिच्यावरचे परकी नाव उतरले आणि ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १,०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगशेजारी गिअरचा दांडा, पोलादी पत्रा. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. डॉक्टर, वकील, सूतव्यापारी, साखर कारखान्याचे अध्यक्ष यांच्या दारातही हीच उभी असे.

संरक्षित बाजारपेठेने या गाडीचे भले केले आणि वाईटही केले. भले असे की तिचा जवळजवळ प्रत्येक भाग देशात बनायला शिकावे लागले. कुर्ला, ठाणे, पुणे, कोल्हापूर इथल्या छोट्या कारखानदारांच्या हातात ते कसब गेले. वाईट असे की ग्राहकाला वर्षानुवर्षे रांगेत उभे राहावे लागले आणि कंपनीला त्या रांगेची सवय झाली. नोंदणीचे पैसे आधी, गाडी केव्हातरी. गाडी सुधारली नाही तरी घेणारा कुठे जाणार, अशी खात्री एकदा झाली की धंद्यातला जिवंतपणा जातो. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्याजवळ तिला द्यायला जोरकस उत्तर नव्हते. निस्सानचे इंजिन बसवलेली ११८ एनई आली, तिने थोडा काळ दम धरला. पण चाळीस वर्षे ग्राहकाने आपली वाट पाहिली, या सवयीवर पुढची चाळीस वर्षे काढता येत नाहीत.

एकाच घरातल्या दोन गाड्या

नव्वदच्या दशकात दारे उघडली आणि प्रीमियरने एकदम दोन परदेशी कंपन्यांशी संसार मांडला. फ्रान्सच्या प्यूजोबरोबर कल्याण-डोंबिवली परिसरात प्यूजो ३०९ बनू लागली. फियाटबरोबर कुर्ल्यात १९९६ मध्ये युनो आली. दोन्ही गाड्यांवर लोकांनी विश्वास टाकला. युनोसाठी तर लाखांच्या संख्येने नोंदणी झाली. मग कामगार तंटे, रखडलेले उत्पादन, भांडवलाची ओढाताण आणि भागीदारांमधला बेबनाव अशी माळ लागली. प्यूजोने १९९७ च्या सुमारास काढता पाय घेतला. ज्यांनी पैसे भरून गाडीची वाट पाहिली त्यांना परताव्यासाठी खेटे घालावे लागले. ज्यांना गाडी मिळाली त्यांच्यापुढे वेगळेच संकट उभे राहिले.

३०९ ही वाईट गाडी नव्हती. तिचे डिझेल इंजिन, तिची बैठक, रस्त्यावरची तिची पकड यांचे कौतुक करणारे लोक मला आजही भेटतात. पण ती इथल्या रस्त्यावर आली तेव्हा तिचे बरेचसे ज्ञान कंपनीच्या भिंतींच्या आतच होते. तिचे भाग बाहेरचा कारखानदार बनवत नव्हता, कारण संख्या थोडी होती. गल्लीतल्या मिस्त्रीने ती कधी उघडलेली नव्हती. कंपनी गेली आणि ते ज्ञानही गेले. मालक जुन्या बाजारात एकेका भागासाठी फिरले, दोन गाड्या मोडून एक चालू ठेवली, आणि शेवटी बहुतेकांनी मिळेल त्या भावात गाडी काढून टाकली.

आता दुसरी गाडी पाहा. पद्मिनीचे उत्पादन २०००-२००१ च्या सुमारास थांबले. पण टॅक्सी म्हणून तिची शेवटची नोंदणी मुंबईत ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली आणि ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. तीही उतरली ती टॅक्सीला घातलेल्या २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. म्हणजे बनवणारा थांबल्यावर ही गाडी दोन दशके पोट भरत राहिली. रोज शे-दीडशे किलोमीटर, मुंबईच्या पावसात, पुढे तर सीएनजीचे किट बसवून. हे कंपनीने केले नाही. त्याआधीच्या चार-साडेचार दशकांत तिचे कसब कंपनीच्या बाहेर पडून शेकडो वर्कशॉपांत, भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत आणि मिस्त्रींच्या बोटांत मुरले होते, म्हणून हे झाले.

कंपनी एक, काळ एक, पण एका गाडीचे मालक दोन-तीन वर्षांत निराधार झाले आणि दुसरीच्या मालकांना वीस वर्षे पुरतील एवढे भाग मिळाले. कंपनीच्या ताळेबंदाची काळजी मालकाने जरूर करावी. पण गाडी किती जगेल हे त्या ताळेबंदावरून ठरत नाही. तिचे भाग आणि तिची विद्या किती लोकांच्या हातात आहे, त्यावरून ठरते.

प्रीमियरने पुढे आणखी एकदा प्रयत्न केला. डिसेंबर २००९ मध्ये चिंचवडच्या कारखान्यातून ‘रिओ’ ही छोटी गाडी आणली. ती फारशी खपली नाही, उत्पादन थांबले आणि कंपनी पुढे दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. वालचंदांनी पाहिलेल्या मोटारीच्या स्वप्नाचा हा शेवट कोणाही मराठी माणसाला क्लेश देणारा आहे. मलाही क्लेश होतो. पण क्लेश करताना रिओ घेणाऱ्या त्या मोजक्या कुटुंबांची आठवण आपण ठेवत नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

भीती खरी ठरते ती कशी

जनरल मोटर्स दुसऱ्यांदा भारतात आली आणि १८ मे २०१७ रोजी तिने शेव्हरोले गाड्यांची देशातली विक्री थांबवत असल्याचे जाहीर केले. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालला आणि डिसेंबर २०२० मध्ये तोही थांबला. ती कंपनी परदेशी होती. जगभर पसरलेला मोठा घरधनी मागे होता, म्हणून वॉरंटी आणि सुटे भाग चालू ठेवण्याचे आश्वासन तिला देता आले. तरीही जुन्या बाजारात त्या गाड्यांचा भाव घोषणेबरोबर घसरला. देशी कंपनी बुडते तेव्हा तिच्या मागे असा घरधनी कुणी नसतो. त्यामुळे देशी गाडी घेणाऱ्याची जोखीम मोठी असते, आणि आपण तर त्याला देशी गाडी घे म्हणून आवाहन करतो.

या भीतीचे एक चक्र असते. कंपनीला तोटा झाल्याची बातमी येते. नवा ग्राहक म्हणतो, थोडे थांबू. विक्री घटते. वितरकाच्या शोरूमचे भाडे निघत नाही, तो दुसऱ्या कंपनीची पाटी लावतो. गावातले सर्व्हिस सेंटर गेल्यावर जुना मालक शेजाऱ्याला सांगतो, या गाडीच्या भानगडीत पडू नको. विक्री आणखी घटते. भाग पुरवणारा लहान कारखानदार उधारी थांबवतो, मग उत्पादनच रखडते. सुरुवातीला जी नुसती शंका होती ती वर्षभरात खरी ठरते. कर्ज मिळाले तरी हे चक्र थांबत नाही, कारण ते पैशापेक्षा विश्वासावर फिरते.

हे चक्र तोडता येते, याचा एक मोठा दाखला २००९ मधला आहे. अमेरिकेत जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या वर्षी ३० मार्चला राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी जाहीर केले की या दोन कंपन्यांच्या नव्या गाड्यांच्या वॉरंटीमागे सरकार स्वतः उभे राहील. कंपनी राहो वा न राहो, गाडीची दुरुस्ती होईल. क्रायस्लरची दिवाळखोरी एप्रिलअखेर आणि जनरल मोटर्सची १ जूनला आली, पण लोकांनी शोरूमकडे पाठ फिरवून सारा डोलारा कोसळू दिला नाही. मालकाला दिलेली हमी ही कंपनी आणि कामगार वाचवण्याच्या योजनेचा भाग म्हणून दिली गेली होती. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. गाडीमालकाचे हित आणि कारखान्याचे हित एकमेकांविरुद्ध नाही.

कंपनी वाचवता आली नाही तरी मालक वाचवता येतो, हे स्वीडनने दाखवले. तिथली साब ही नावाजलेली मोटार कंपनी डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोर झाली. पण सुटे भाग पुरवणारी तिची शाखा वेगळी कंपनी म्हणून चालत होती. ती स्वीडिश सरकारच्या ताब्यात आली, पुढे ‘ओरिओ’ या नावाने चालली आणि साबच्या गाड्यांना भाग मिळत राहिले. गाडी बनवणे बंद, भाग देणे चालू. इच्छा असेल तर हे दोन धंदे अलग करता येतात.

आणि कंपनी स्वतः सावरल्याचा दाखला तर आपल्या पुण्याचा आहे. टाटा मोटर्सने डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका आणली. पहिल्या गाड्यांविषयी तक्रारींचा पाऊस पडला. २०००-०१ मध्ये कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला आणि या कंपनीने ट्रकच बनवावेत असे लोक म्हणू लागले. कंपनीने तक्रारी मनावर घेतल्या, दोष दुरुस्त केले आणि २००१ मध्ये सुधारलेली ‘व्ही-२’ आणली. गाडी पुन्हा खपू लागली. जी कंपनी जुन्या मालकाला तोंड देते, तिच्याकडे नवा मालक येतो. रांगेत उभ्या ग्राहकाची सवय झालेली कंपनी हे शिकली नाही, तिचे काय झाले ते आपण पाहिले.

मागाच्या गावाने शिकवलेले

आता इचलकरंजीकडे येतो. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी त्या उद्योगाला आधार दिला. आज गावात आणि भोवताली लाखाच्या वर माग आहेत. त्यांतले कितीतरी साधे माग मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी काढून टाकलेले, कुणी वापरलेले, कुणी दुसऱ्यांदा विकलेले. ते बनवणाऱ्या कंपन्या कधीच्या बंद पडल्या. तरीही धोटा मारणारा माग थांबत नाही, कारण धोट्यापासून गिअरपर्यंत प्रत्येक भाग इथे ओतणारा, कातणारा आणि बसवणारा माणूस आहे. माग दुरुस्त करणारा जॉबर आवाजावरून बिघाड ओळखतो.

पुढे युरोपातून जुने सुल्झर माग आले, तेव्हाही लोक घाबरले होते. परदेशी यंत्र, त्याचे भाग कुठून आणणार? मूळच्या सुल्झर कंपनीने तर २००१ मध्ये विणकाम यंत्रांचा व्यवसायच एका इटालियन समूहाला विकून टाकला. तरीही इचलकरंजीतले सुल्झर चालतात. फिटर शिकले, भाग इथे बनू लागले, काही बाहेरून येऊ लागले. खर्चीवाल्याचा, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्याचा, माग एक आठवडा उभा राहिला तर घरची चूल अडते, म्हणून या गावाने निर्मात्याच्या भरवशावर राहायचे नाकारले.

शेजारी कोल्हापूरचे उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आहेत. देशातल्या मोटार कंपन्यांची कास्टिंगे इथे ओतली जातात. म्हणजे बंद पडलेल्या गाडीचा ब्रेक ड्रम, वॉटर पंपाची बॉडी किंवा इंजिनाचे कव्हर बनवणे आपल्या जिल्ह्याला अवघड नाही. अडते ते कशावर? ड्रॉइंग मिळत नाही, डाय कुठे गेली ते कळत नाही, आणि कंपनीचा हक्क असल्याने कुणी हात घालत नाही.

आजच्या गाडीत तर आणखी एक कुलूप आहे. पद्मिनी पान्याने उघडत असे. आताची गाडी संगणकाशी बोलल्याशिवाय उघडत नाही. इंजिनाचे नियंत्रण, एअरबॅग, ब्रेक, चावीसुद्धा इलेक्ट्रॉनिक. त्यासाठी कंपनीचा स्कॅनर, कंपनीचा पासवर्ड आणि बऱ्याचदा कंपनीचा सर्व्हर लागतो. विजेच्या गाडीत याच्यावर बॅटरीची भर. जून २०२४ मध्ये अमेरिकेतली फिस्कर ही विजेच्या गाड्यांची कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा सॉफ्टवेअर कोण चालू ठेवणार या चिंतेने मालकांना स्वतःची संघटना काढावी लागली. उद्या आपल्याकडची एखादी तरुण कंपनी बंद पडली तर मिस्त्रीचे कसब एकटे पुरणार नाही. म्हणून हा प्रश्न आता गॅरेजपुरता राहिलेला नाही, तो कायद्याचा झाला आहे.

कायद्यात त्याची जागा कुठे आहे?

ग्राहक चळवळ ही महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी आहे. सत्तरच्या दशकात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले आणि १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. २०१९ चा नवा कायदा अधिक व्यापक आहे. पण गाडीचे उत्पादन थांबल्यावर किती वर्षे भाग पुरवलेच पाहिजेत, हे स्पष्ट बजावणारे कलम ना त्या कायद्यात आहे, ना मोटार वाहन कायद्यात. कंपन्या दहा वर्षांची भाषा करतात ती रिवाज म्हणून. कंपनीच उरली नाही तर रिवाज कोण पाळणार?

सुटे भाग खुल्या बाजारात येऊ द्यायचे नाहीत, या वृत्तीवर स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी बोट ठेवले. चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे तो वाद अपिलांत आणि न्यायालयांत गेला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू झाले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. दिशा बरोबर आहे. पण चालू असलेल्या कंपनीने माहिती द्यावी, इथवरच ती जाते. बंद पडलेल्या कंपनीचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

दिवाळखोरी कायद्यात तर मालकाची अवस्था फार केविलवाणी आहे. प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धचे दावे थांबतात, ग्राहक आयोगातलेसुद्धा. मार्च २०२० पासून अशी प्रक्रिया सुरू करायला किमान एक कोटीची थकबाकी लागते. एकट्या ग्राहकाची रक्कम तिथवर कशी पोचणार? निर्णय घेणारी समिती मुख्यतः बँका आणि वित्तसंस्थांची. नोंदणीचे पैसे भरलेला माणूस वाटपाच्या यादीत पार मागे उभा असतो आणि वॉरंटीवाल्याचे म्हणणे ऐकण्याची सोयच नसते.

घर घेणाऱ्याचीही पूर्वी हीच गत होती. तो ओरडला, संघटित झाला, रस्त्यावर उतरला. रेरा कायद्याने बिल्डरला ग्राहकांच्या पैशांतली ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणे भाग पाडले. २०१८ मध्ये घर घेणाऱ्यांना दिवाळखोरी कायद्यात वित्तीय धनको मानले गेले आणि समितीत त्यांचा आवाज आला. घराला हे मिळाले तर गाडीला का मिळू नये?

मागण्या चार

पहिली. शेवटची गाडी विकल्यापासून किमान दहा वर्षे भाग आणि दुरुस्ती, हे कायद्याने बंधनकारक करा. त्यासाठी प्रत्येक गाडीच्या किमतीतला छोटा हिस्सा विक्रीच्या दिवशीच वेगळ्या निधीत जमा व्हावा. कंपनी बुडाली तरी तो निधी बँकांच्या हाती लागता कामा नये.

दुसरी. प्रत्येक मॉडेलची ड्रॉइंगे, भागांची यादी आणि दुरुस्तीसाठी लागणारे सॉफ्टवेअर एखाद्या सार्वजनिक संस्थेकडे ठेव म्हणून असावे. पुण्यात १९६६ पासून उभी असलेली एआरएआय ही संस्था गाड्यांची तपासणी करतेच. हे काम तिच्याकडे सोपवता येईल. कंपनी बंद झाली की वाजवी शुल्क भरून कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला ते ड्रॉइंग मिळाले पाहिजे.

तिसरी. नोंदणीचे पैसे गाडी ताब्यात देईपर्यंत वेगळ्या खात्यात राहिले पाहिजेत. ते कंपनीचे खेळते भांडवल नव्हे.

चौथी. कंपनी दिवाळखोरीत गेली तर गाडीमालकांचा एक प्रतिनिधी समितीत मताधिकारासह बसावा. कंपनी विकत घेणाऱ्याने कारखान्याबरोबर जुन्या गाड्यांची जबाबदारीही घ्यावी.

कारखानदार म्हणतील, याने गाडी महागेल. थोडी महागेल, हे मी मान्य करतो. पण आज ती किंमत कुणीच भरत नाही असे नाही. जुनी गाडी कवडीमोलाने विकणारा मालक ती एकटा भरतो. सर्वांनी थोडी थोडी भरली तर नव्या देशी कंपनीची गाडी घ्यायला लोक धजावतील. आज नव्या कंपनीला सगळ्यांत मोठा अडथळा भांडवलाचा नाही. ‘ही उद्या राहील का’ या ग्राहकाच्या प्रश्नाचा आहे.

तोवर आपणही काही करू शकतो. नोंदणीची पावती, जॉब कार्ड, वॉरंटीचे पुस्तक आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवा. गाडी घेताना मायलेजबरोबर एवढे विचारा, की हिचे भाग बाहेर मिळतात का आणि शोरूमबाहेरचा मिस्त्री ही उघडतो का. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि मोबदला म्हणून भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग कोल्हापुरातच आहे. एकट्याने जाऊ नका. एकाच गाडीचे जिल्ह्यातले मालक एकत्र आले तर भाग बनवून घेण्याइतकी संख्या होते आणि आयोगासमोर वजनही पडते.

देशी मोटार कंपन्या जगाव्यात असे मला मनापासून वाटते. वालचंदांनी परक्या सत्तेशी झगडून जे सुरू केले त्याचा अभिमान मला आहे. पण देशी म्हणून आपण ज्या गाडीवर विश्वास टाकतो, तिच्या मालकाला वाऱ्यावर सोडणारा देश स्वतःच्या कारखान्यांचे ग्राहक स्वतःच हाकलून देतो. या सभागृहातल्या वकिलांना, उद्योजकांना, ग्राहक कार्यकर्त्यांना आणि लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे. या चार मागण्यांचे निवेदन इचलकरंजीतून जाऊ द्या. मागाचे भाग या गावाने स्वतः बनवले, गाडीच्या भागांचा हक्क आपण मिळून मागू या.